यादीत न येणारी हर्षा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर मे महिना आहे, आणि तोही बुटीबोरीचा. डावीकडे सूतगिरणीची पत्र्याची लांबलचक भिंत, तिच्यामागून पार्श्वसंगीतासारखी चात्यांची घरघर. उजवीकडे एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीबरोबर दिवसभर सरकत राहणारं एक कुत्रं. मधोमध, जिथे सगळा प्रकाश टाकायचा तिथे, काचेचं दार लावलेली एक खोली. गिरणीत तिला 'ठंडी खोली' म्हणतात. कंपनीचा सर्व्हर तिथे राहतो. तो नाजूक प्रकृतीचा असल्यामुळे त्याला एसी. बाकीच्यांना, म्हणजे माणसांना, कूलर. आणि कूलरमध्ये कुणी पाणी टाकलं असेल तर त्यांचं नशीब.

साहजिकच मे लागला की अख्ख्या ऑफिसला ठंडी खोलीत काम निघतं. हिशेबखात्यातली माणसं फायली घेऊन येतात आणि फाईल न उघडता तासभर बसून जातात. कुणी ताकाचा तांब्या ठेवतं. कामगारांचं सगळं बघणाऱ्या सुमंत सरांनी तर बैंगनपल्ली आंब्यांची पेटीच आणून ठेवली होती. एसीसमोर नाही, सर्व्हरच्या पाठीमागे. तिथून गरम वारा येतो, त्याच्यावर आंबे झकास पिकतात, असा त्यांचा शोध होता.

या जत्रेच्या मध्यभागी, जगातली एकच बाई असावी जी नागपूरच्या मे महिन्यात शाल पांघरून बसते: लतिका भोयर. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नाक एसीने कायमचं वाहतं, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता कुणीतरी दार उघडून मूर्खासारखं काहीतरी विचारणार आहे. तो भाव सहसा खरा ठरतो.

लतिकाचं काम रिपोर्टचं. कुणीतरी बटण दाबतं, आणि किती सूत निघालं, कोण हजर होतं, कोणाची किती रजा राहिली, याचा कागद बाहेर पडतो. बरोबर पडला तर बटण दाबणाऱ्याला वाटतं, आपण दाबलं म्हणून पडला. चुकीचा पडला की भोयर मॅडम. तिचे वडील महादेवराव झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. धानाची कापणी झाली की गावोगावी मंडप पडायचे, पहाटेपर्यंत नाटक चालायचं, आणि महादेवराव विंगेत कंदिलाच्या उजेडात पुस्तक धरून उभे. नाटक रंगलं तर टाळ्या नटाला. नट अडखळला तर लोक विंगेकडे बघून ओरडायचे, "अबे पुस्तकवाल्या, झोपला का बे!" लेकीने वेगळा धंदा निवडला असं महादेवरावांना शेवटपर्यंत वाटत होतं. लतिकाला मात्र नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं की आपण विंगेतच उभ्या आहोत.

त्या दिवशी सकाळी सुमंत सर घाम पुसत आत आले. आधी आंबे चाचपून पाहिले, मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट खराब झाला."

"रिपोर्ट खराब होत नाही सर. आंबा खराब होतो. काय झालं ते सांगा."

"कायम करायची यादी. नावं कमी येत आहेत. तुम्ही जरा बंद करून चालू करून बघा ना."

"कोणतं?"

"सगळंच."

लतिकाने शाल घट्ट ओढली. आपण काहीतरी बोलून जाऊ, अशी भीती वाटली की ती शाल ओढते. चार वाजेपर्यंत ती यादी हेड ऑफिसला जायची होती, हे तिलाही ठाऊक होतं. ताराचंद ठेकेदाराचा ठेका महिनाअखेर संपत होता. त्याच्याकडची जी माणसं ठरावीक दिवस सलग काम केल्याच्या नियमात बसतील ती कंपनी कायम करणार होती. जी यादीत नसतील त्यांनी घरी जायचं, कारण नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन येणार होता. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायलाही जागा नव्हती.

काचेच्या दाराबाहेर हर्षा उभी होती. वाइंडिंग खात्यातली, सूत कोनावर गुंडाळणारी पोरगी. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, जणू घाईघाईत कुणी म्हातारीचा मेकअप केलेला. तिने दार बोटभर सरकवलं.

"मॅडम, आली का मी?"

"नाही वं. पाहून राहिली ना मी."

"काहून नाही आली जी? माझ्या मागून लागलेले पोट्टे आले. तो कापूस पिंजायच्या ब्लोरूममधला तर अर्धा वेळ बिडीच फुकत राहते, तोही आला."

"दार लाव. गरम हवा येते."

हर्षाने दार लावलं, पण गेली नाही. काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. कपाळाच्या घामाचा ठसा काचेवर उमटला.

आता ही यादी कशी निघते ते सांगायला हवं. ते अवघड नाही. सासूने एकदा विचारलं होतं, "ते स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे काय असते वं?" तेव्हा लतिकाने सांगितलं होतं, "आई, यंत्राच्या पोटात ठेवलेलं नाटकाचं पुस्तक. बटण दाबलं की यंत्र ते पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवते. यंत्र म्हणजे फार आज्ञाधारक नट. पुस्तकात 'विहिरीत उडी टाकतो' असं लिहिलं असलं तर विहिरीत पाणी आहे का, हेही पाहत नाही." सासूने मान डोलावली होती आणि भाजीला फोडणी टाकली होती.

तर लतिकाने त्या यादीचं पुस्तक उघडलं. अश्विन नावाच्या हुशार पोराने ते लिहिलं होतं. तो पुण्याला निघून गेला होता. हुशार पोरं लिहितात आणि पुण्याला जातात. मागे राहणाऱ्यासाठी कुठे एक शब्द लिहून ठेवला असेल तर शपथ. लतिकाने हर्षाचा टोकन नंबर टाकून ते पुस्तक आपल्या हाताने चालवून पाहिलं. हर्षा निघाली! नाव, खातं, सगळं ठीकठाक.

"आहे की ही! सर, तुमच्या टेबलावरून काढा बरं."

सुमंत सर आपल्या टेबलाकडे गेले, बटण दाबलं, कागद घेऊन परत आले. कागदावर हर्षा नाही.

"नाही आली."

"माझ्याकडे आली."

"माझ्याकडे नाही आली."

"अहो, काही लाल अक्षरात आलं का? काही चूक दाखवली?"

"नाही. छान गुळगुळीत यादी आली. फक्त नावं नाहीत."

हेच तर. यंत्राने बोंब मारली असती तर लतिकाला बरं वाटलं असतं. चूक दाखवून अडणारं यंत्र प्रामाणिक असतं. हसतमुखाने खोटी यादी देणाऱ्या यंत्रासारखा छळ नाही. तिने पुस्तकात तारखांची मांडणी पाहिली, ठीक. रजा वजा होते ती जागा पाहिली, ठीक. एक ओळ थोडी संशयास्पद होती, ती सुधारली. "आता काढा."

सुमंत सर गेले, आले. कागद तसाच्या तसा.

दुसरी ओळ सुधारली. गेले, आले. तसाच. तिसऱ्यांदा लतिकाने मुद्दाम यादीच्या मथळ्यात 'नमस्कार' असा शब्द घातला. सर गेले, आले. कागदावर नमस्कार नव्हता.

"मॅडम, मी कूलरपासून एसीपर्यंत किती वेळा चालू? मला सर्दी होईल."

लतिका पाठीमागे रेलली आणि एकदम तिला वडिलांचा आवाज आठवला. एकदा तळोधीकडच्या एका गावात नायक भलतेच संवाद बोलू लागला होता. दिग्दर्शक विंगेत त्याचं पाठांतर काढत होता, शिव्या देत होता. महादेवराव शांतपणे म्हणाले होते, "पाठांतर पाहू नका. त्याच्या हाती कोणती प्रत होती ते पाहा." नायकाने मागच्या साली टाकून दिलेली प्रत पाठ केली होती, आणि अगदी चोख पाठ केली होती.

"मेली," लतिका स्वतःलाच म्हणाली. "मी एक पुस्तक सुधारून राहिली, अन् बटण दुसरंच वाचून राहिलं."

शोधलं तर यंत्राच्या पोटात यादीची तीन पुस्तकं निघाली. एकाचं नाव 'अंतिम'. दुसऱ्याचं 'अंतिम नवीन'. तिसऱ्याचं 'अंतिम खरं'. लतिका सकाळपासून 'अंतिम नवीन' दुरुस्त करत होती. सुमंत सरांचं बटण 'अंतिम खरं' वाचत होतं.

"अश्विन!" ती दात आवळून म्हणाली. पुण्यात त्या वेळी त्याला उचकी लागली असणार.

'अंतिम खरं' लांबलचक होतं. ती वाचत गेली. मध्ये एका जागी नियम होता: एका टोकन नंबरावर जुन्या हजेरीत दोन नावं आढळली, तर तो नंबर सोडून द्यावा. बरोबरच आहे, असं मनाशी म्हणून ती पुढे गेली. एका टोकनवर दोन माणसं नकोतच. पण पुढे काहीच वावगं नव्हतं. तिने गळालेल्या नावांची वेगळी यादी काढली. हर्षा, तिच्याखाली आणखी काही जणी, तिच्याखाली आणखी.

"सर, या सगळ्या बायाच आहेत."

"योगायोग असेल."

"एकही बाप्या नाही?"

"मग यंत्र बायकांच्या विरोधात आहे का?" सुमंत सर हसले, मग लतिकाचा चेहरा पाहून थांबले.

दार बोटभर सरकलं. "मॅडम, आली का मी?"

"हर्षा, तू अशी उभी राहिली ना, तर मीच घरी जाईन!" बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. "अगं, आत ये. तिथे खुर्चीवर बस. डोळ्यासमोर बस, म्हणजे मले तरी याद राहील की कोणासाठी डोकं फोडून राहिली."

हर्षा आली, आंब्यांच्या पेटीशेजारी अंग चोरून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत आली होती. "बापा रे, किती थंड!" ती हळूच म्हणाली, आणि हात काखेत घालून बसली.

तेवढ्यात लतिकाचा फोन वाजला. हुडकेश्वरहून सासूबाई, शामलाबाई. त्यांना हळू बोलता येत नाही; सगळ्या खोलीने ऐकलं.

"अपेक्षा! अवं अपेक्षा, येताना सांभारवडीसाठी सांभाराची हिरवी जुडी आणजो. इथं भाजीवाला पिवळा पाला देऊन राहिला. अन् तो कुरिअरवाला पुन्हा आला होता, लतिका भोयर कोण म्हणून विचारत होता. शेजारच्या इंदूबाईनं सांगितलं, इथं लतिका-बितिका कोणी राहत नाही. गेला तो."

"आई! किती वेळा सांगितलं, कागदावर माझं नाव लतिका आहे म्हणून!"

"मग लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं काय उगाच लिहिलं का? अपेक्षा म्हणून आली तू या घरात. लतिका तिकडे ऑफिसात."

फोन बंद झाला. लतिका फोन हातात धरून तशीच बसली. हुडकेश्वरच्या गल्लीत तिला लतिका म्हणून कुणी ओळखत नाही. बुटीबोरीत अपेक्षा म्हणून कुणी नाही. एकच बाई, दोन गावं, दोन नावं. पदवीचा कागद लतिकाच्या नावाचा होता म्हणून तिने कागदोपत्री नाव बदललं नव्हतं, एवढंच. तिने हळूच मान वळवली.

"हर्षा, माहेरी तुझं नाव काय होतं वं?"

"मोनाली."

"अन् इथे कामाला लागली ती लग्नाआधी?"

"हाव जी. मोनाली म्हणूनच लागली होती मी. लग्न झालं, तं ताराचंद ठेकेदारानं नंबर तोच ठेवला अन् नाव बदलवून देलं. माह्या सासरी म्हणे मोनाली चालत नाही, मोठ्या जावेचं नाव मोनालीच होतं."

लतिकाने कपाळावर हात मारला. इतक्या जोरात, की सुमंत सर दचकले. म्हणजे यंत्राने एका नंबरावर मोनालीही पाहिली, हर्षाही पाहिली, आणि दोघींना लबाड ठरवून बाहेर काढलं. बाप्याचं नाव कोण बदलतं? म्हणून एकही बाप्या गळला नाही.

"पण असला नियम घातला कोणी?" तिने अश्विनला फोन लावला.

"मॅडम, मी नाही," पुण्याहून आवाज आला. "सुमंत सरांनी सांगितलं होतं. ते दोन भाऊ आठवतात का? धर्मेंद्र आणि पिंटू?"

सुमंत सरांनी एकदम आंब्यांकडे लक्ष वळवलं.

धर्मेंद्र आणि पिंटूला गिरणीत कोण विसरेल! कन्हानकडचे दोघे सख्खे भाऊ. नोकरी एकाला, टोकन एक. थोरला निंदणाला गावी गेला की धाकटा त्याच्या जागेवर उभा. धाकट्याला कंटाळा आला की थोरला हजर. जागा कधी रिकामी राहिली नाही, काम कधी अडलं नाही, कुणाला पत्ता लागला नाही. नाटकातही डबल रोल इतका बेमालूम होत नाही. मग दिवाळी आली, कंपनीने मिठाईचे डबे वाटले, आणि आपला हक्क म्हणून दोघेही भाऊ रांगेत उभे राहिले. त्यानंतर अंगठ्याचं मशीन आलं, जुन्या टोकनांनाही अंगठे जोडले गेले, त्या टोकनापुढे तर दोघांची नावं आणि दोन अंगठे चढले, आणि त्याच रागाच्या भरात हा नियमही आला.

"सर, तो नियम काढते मी."

"नको, नको!" सुमंत सर पेटीजवळून उठले. "उद्या कुणी विचारलं की भाऊ-भाऊ परत सुरू झाले, तर मी काय सांगू? नियम राहू द्या. बायकांचं काहीतरी वेगळं करा."

"बायकांचं वेगळं काय करू? त्यांच्या सासवांना सांगू?"

हर्षा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला एवढंच कळत होतं की मोनाली तिला आडवी आली आहे.

"मॅडम, अंगठा पाहिजे असला तर घ्या ना जी," ती घाबरत म्हणाली. "सुतानं घासून गेला, पण तीनदा लावला तं लागते."

लतिका तोवर त्याच वळणावर पोचली होती. नावं मोजायची कशाला? अंगठे मोजू. दोन भावांचे अंगठे दोन निघतील, ते खुशाल बाहेर. मोनालीचा आणि हर्षाचा अंगठा एकच. तो कोणत्या सासूने बदलला आहे? तिने 'अंतिम खरं'मधल्या त्या ओळीत नावाच्या जागी अंगठ्याचा नंबर घातला, आणि सुमंत सरांकडे न पाहता म्हणाली, "जा. काढा."

सर गेले. या वेळी धावत आले.

"मॅडम, आता जास्त झाल्या! ही हर्षा आली आणि ही खाली मोनालीपण आली. सगळ्या दोन-दोनदा आल्या!"

हर्षा उभी राहिली. "आली का मी?"

"दोनदा आली वं. एक जण परत जा," लतिका म्हणाली, आणि पुन्हा कीबोर्डवर वाकली. एका अंगठ्यापुढे जितकी नावं तितक्या ओळी, असं झालं होतं. आता शेवटचं नाव तेवढं घ्यायचं, आधीची सोडायची, पण आधीच्या नावांवरचे कामाचे दिवस मात्र सोडायचे नाहीत. ते सुटले तर हर्षा कालपरवा लागलेली ठरेल आणि पुन्हा बाहेर.

तेवढ्यात हेड ऑफिसचा फोन आला: यादी कुठे आहे? आणि इथे सुमंत सरांनी जे केलं, त्याबद्दल त्यांना लतिकाने पुढचे सगळे आंबे माफ केले. त्यांनी फोन घेतला आणि सूतगिरणीची घरघर पाठीमागे ऐकू येत असताना, निर्विकार चेहऱ्याने सांगितलं, "काय करणार साहेब, बुटीबोरीत लाईट गेली आहे." मग हाताने खूण केली: मॅडम, लवकर.

शेवटी लतिकाने सर्वांदेखत यादी काढली. आपल्या हाताने चालवून पाहिली, सरांच्या टेबलावरून काढली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. सारखे. हर्षा एकदा. एकदाच. मोनालीचे दिवस तिच्या पदरात. धर्मेंद्र आणि पिंटू कुठेच नाहीत. यादी गेली. बुटीबोरीत लाईट आली.

हर्षाने कागदावर आपलं नाव बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं. पदराने चेहरा पुसायला गेली तर कापसाचे तंतूच चिकटले. मग ती धावत वाइंडिंगकडे गेली, आणि जराशाने तिथल्या चार-सहा जणी काचेच्या दाराशी गोळा झाल्या.

"मी सकाळीच म्हटलं होतं," सुमंत सर खुर्चीत पडत म्हणाले, "बंद करून चालू करा."

लतिका कीबोर्डकडे वळली. तिने 'अंतिम' आणि 'अंतिम नवीन' दोन्ही पुस्तकं यंत्राच्या पोटातून काढून टाकली, उरलेल्या एकात, मागून येणाऱ्यासाठी, नाव का मोजायचं नाही ते साध्या मराठीत लिहून ठेवलं, आणि सरांनी पुढे केलेला आंबा हातात घेऊन दाराशी आली.

बायांच्या घोळक्यातून सरिता नावाची एक नाजूक पोरगी पुढे झाली. हळद लागल्यासारखी लाजत तिने पत्रिका पुढे धरली. "मॅडम, येजा बरं लग्नाले. नवरा हिंगण्याचा आहे. नाव अजून ठरलं नाही माह्यं, ते लोक म्हणतात की..."

लतिकाने पत्रिका घेतली, एका हातात आंबा, एका हातात पत्रिका, खांद्यावरून घसरलेली शाल, आणि सबंध दिवसाचा वैताग आवाजात ओतून ती म्हणाली:

"लगन करा, पोरं करा, जे करायचं ते करा वं पोट्ट्यांनो, पण आता तांदळात नाव लिहू देण्याआधी मले येऊन विचारा!"